माझ्या तोंडाला वास येतो, आणि आता लेकीच्याही. कुणाला अनुभव आहे का?

सांजवात | रविवार, रात्री ११.५२

हा आयडी आजच काढलाय. जुन्या आयडीने हे लिहायचं धाडस नाही, कारण तुमच्यातले पाच-सहा जण मला गटगला (गेट-टुगेदरला) भेटलेले आहेत. (मी तेव्हा घोळक्याच्या कडेला का उभी होते आणि फोटोच्या वेळी झटकन मागे का सरकले, ते आता कळेल.)

माझ्या तोंडाला वास येतो. शाळा-कॉलेजपासून. आता वय ३९. मला स्वतःला तो कधीच आलेला नाही, लोकांच्या चेहऱ्यावर तेवढा वाचलाय. राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. म्हणजे रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास बायकांच्या डब्यात, एकमेकींच्या खांद्यात हनुवट्या रुतवून. समोरची बाई मान वळवते ती उकाड्याने की माझ्यामुळे, हे ओळखण्यात माझी पंधरा वर्षं गेली. हळदीकुंकवाला कुणी वेलची पुढे केली तरी वाटतं, मुद्दाम दिली. ऑफिसात मी शांत स्वभावाची म्हणून प्रसिद्ध आहे. मी शांत नाहीये हो, मी तोंड मिटून बसलेय.

कोविडमध्ये सगळे मास्कला वैतागले होते, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये गप्पा मारल्या.

केलेले उपाय: तीनदा ब्रश, माउथवॉश, लवंग, ओवा, बडीशेप, त्रिफळा, इसबगोल, सकाळी कोमट पाणी. दातांचे डॉक्टर तीन झाले. पहिल्याने सफाई केली, दुसऱ्याने अक्कलदाढ काढली, तिसरे म्हणाले, "मला तर काही वास येत नाही." त्यांनी एकावर एक दोन मास्क लावले होते. मग फिजिशियन, मग एंडोस्कोपी. ती नॉर्मल. "पोट साफ ठेवा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं तर रडू येण्याऐवजी हसू येतं.

मी हे असंच रेटलं असतं. पण लेक आठ वर्षांची आहे, तिसरीत. गेल्या महिन्यात तिच्या शेजारची मुलगी बाक बदलून मागे गेली, आणि का, ते बाईंना सगळ्या वर्गासमोर सांगून गेली. परवा लेकीने मला विचारलं, "आई, बोलताना मी पण हात असा धरू का? तू धरतेस तसा?"

मला माहीतच नव्हतं मी हात धरते ते.

तिचा वास मात्र मला येतो. सकाळी उठवायला वाकले की येतोच. तिला दोनदा दातवाल्यांकडे नेलं, एक कीड होती ती भरून घेतली, फरक नाही. हे आईकडून लेकीकडे जातं का? मी दिलंय का तिला हे?

मेतकूट | सोमवार, सकाळी ७.१०

उत्तर नाही माझ्याकडे, पण शेवटच्या ओळीपाशी थांबले. असं म्हणू नकोस गं. धागा वर ठेवतेय.

रानमेवा | सोमवार, सकाळी ९.०५

९९ टक्के पोट. मैदा, चहा, रात्रीचं उशिराचं जेवण बंद करा. आमच्याकडे रात्री एरंडेल देतात लहान मुलांना, सगळं साफ.

दंतकथा | सोमवार, दुपारी २.४०

आयडीवरून कळलं असेल, दातांचीच डॉक्टर आहे, त्यातही हिरड्यांची. कोकणात प्रॅक्टिस. धाग्यावर निदान होत नसतं हे आधी सांगते आणि मग भरपूर बोलते.

रानमेवा, एरंडेल आधी खाली ठेवा. अन्ननलिका म्हणजे उघडं ड्रेनेज नव्हे. एरवी ती मिटलेली असते, पोटातली हवा वर येते ती ढेकरेबरोबर. तोंडाला कायम वास येणाऱ्या दहा जणांत आठ-नऊ जणांचं मूळ तोंडातच सापडतं. जिभेचा मागचा भाग, जिथे ब्रश नेला की उमासा येतो, आणि दात-हिरडीमधली फट. या दोन जागी हवा नको असलेले जंतू राहतात. अन्नाचे कण, लाळ, तोंडातल्या गळून पडलेल्या पेशी यांतली प्रथिनं ते कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. मिथाइल मरकॅप्टन त्याहून वाईट, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की हाच जास्त. लाळ हे सगळं धूत असते. झोपेत लाळ आटते म्हणून सकाळी सगळ्यांनाच येतो, सिनेमातल्या नट्यांनाही. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला जास्त येतो.

माउथवॉशने वास झाकला जातो. अल्कोहोलवाल्याने वर तोंड कोरडं पडतं. क्लोरहेक्सिडिन उत्तम औषध आहे, पण सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांच्या वर नको. चव बिघडते, दात चहाच्या कपासारखे तपकिरी होतात. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला कुठलंच माउथवॉश देऊ नका, ती गिळतात.

सांजवात, काही प्रश्न. अ‍ॅलर्जीची किंवा झोपेची गोळी रोज घेता का? (लाळ आटते.) ब्रश करताना रक्त येतं का? त्या तीन डॉक्टरांपैकी कुणी बारीक खुणांची सळई दातांभोवती फिरवून "तीन, तीन, पाच" असे आकडे असिस्टंटला लिहायला सांगितले का? लेक घोरते का, तोंड उघडं असतं का, नाक वाहतं का, आणि वाहत असेल तर दोन्हीकडून की एकाच?

एक चाचणी घरी करा. सकाळी, ब्रश न करता, चहा न घेता. आधीचे दोन दिवस कांदा-लसूण बंद. लसणाचा एक वायू रक्तातून फुप्फुसात जातो आणि दुसऱ्या दिवशीही श्वासाला येतो, ब्रश कितीही करा. आधी नाक चिमटीत धरून तोंडाने "हाऽ" करायचं. मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. वास दुसऱ्याने घ्यायचा. फक्त तोंडातून आला तर तोंड किंवा घसा. फक्त नाकातून आला तर नाक-सायनस. दोन्हीकडून सारखाच आला तर वेगळा विचार करावा लागतो.

आरोग्यधन_२१ | सोमवार, दुपारी ४.१५

मुखदुर्गंधीवर पंधरा दिवसांत खात्रीशीर उपाय. १००% वनस्पतीजन्य. विपूत (विचारपुशीत) संपर्क करा.

ऍडमिन-टीम | सोमवार, दुपारी ४.३०

जाहिरातीचा आयडी बंद केला आहे.

सांजवात | सोमवार, रात्री १०.३५

दंतकथा, सळई कुणीच फिरवली नाही. रक्त येतं कधीकधी, मला वाटायचं सगळ्यांनाच येतं. गोळी नाही घेत मी. लेक घोरते, उशी लाळेने भिजते, आणि बारा महिने "सर्दीच आहे तिला" असं आम्ही म्हणत असतो. दोन्ही बाजूंनी.

चाचणीची अडचण ही की नाक कुणाचं लावायचं? नवऱ्याला विचारलं की "काही येत नाही, तू फार विचार करतेस." पण गॅसवर दूध करपून धूर झाला तरी या माणसाला कळत नाही. त्याच्या प्रमाणपत्राचं काय करू?

मेतकूट | सोमवार, रात्री ११.००

दूध करपून 😂

"एकाच बाजूने" वरून आठवलं म्हणून लिहिते, लहान मुलं असलेल्यांनी वाचाच. माझा भाचा चार वर्षांचा. सहा आठवडे तोंडाला इतका घाण वास की मांडीवर घेववत नव्हतं. ब्रश बदलला, जंताचं औषध दिलं, दृष्ट काढली. शेवटी माझ्या आईच्या लक्षात आलं की डावी नाकपुडीच फक्त वाहतेय, हिरवट. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने दोन मिनिटांत उशीतला फोमचा तुकडा काढला, बोराएवढा. वास दुसऱ्या दिवशी गायब. पोराला विचारलं तर म्हणे, "मी ठेवला होता."

दंतकथा | सोमवार, रात्री ११.२०

हे सोन्याचं उदाहरण आहे. फोम, शेंगदाणा, डाळ, खडू, मणी, काहीही निघतं. फक्त बटणासारखा गोल सेल घातल्याची शंका आली तर सकाळची वाट पाहू नका, तासाभरात आतली त्वचा जळायला लागते. रात्रीच न्या.

टिवल्याबावल्या | मंगळवार, सकाळी १०.१२

अवांतर: तोंडाच्या वासाला 'हॅलिटोसिस' हे भारदस्त नाव घराघरांत पोचवलं ते जाहिरातवाल्यांनी. लिस्टरिन निघालं १८७९ मध्ये, नाव जोसेफ लिस्टर या सर्जनवरून, काम जंतुनाशकाचं. नंतर ते काही वर्षं कशाकशाला विकून पाहिलं. मग १९२०च्या दशकात कंपनीने लोकांना सांगायला सुरुवात केली की तुमच्या तोंडाला वास येतो, म्हणून तुमचं लग्न जमत नाही, आणि हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. धंदा कैक पटींनी वाढला. आजार जुनाच होता, लाज नव्याने विकली.

उलट आपल्याकडे चरकसंहितेत जीभ खरवडायची पट्टी कशी असावी तेही आहे: सोनं, चांदी, तांबं वगैरेची, बोथट आणि वाकवलेली. जिभेच्या मुळाशी साठलेला मळ श्वास अडवतो आणि दुर्गंधी करतो, म्हणून. म्हणजे जागा बरोबर ओळखली होती राव.

दंतकथा | मंगळवार, दुपारी १.०५

बोथट हा शब्द महत्त्वाचा. लोक दाढी केल्यासारखी जीभ सोलतात. जीभ बाहेर काढून, श्वास सोडत, मागून पुढे तीन-चार हलके हात, बस. तांब्याची, स्टीलची, प्लास्टिकची, कुठलीही पट्टी चालते.

पवनचक्की | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

नेदरलँड्समध्ये राहतो, माझं कामही जनुकांच्या आसपासचं, म्हणून 'दोन्हीकडून सारखाच वास' याबद्दल लिहितो. हे दुर्मिळ आहे, आधीच सांगतो. घाबरू नये.

इथल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या मंडळींनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर २०१८ साली एक काम प्रसिद्ध केलं. काही लोकांचं तोंड पूर्ण निरोगी असतं, तरी श्वासाला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. त्यांना तीन कुटुंबांतल्या पाच जणांत सेलेनबीपी१ नावाच्या जनुकात बिघाड सापडला. शरीरात तयार होणारा मिथेनथायॉल हा गंधकी वायू मोडणारं एन्झाइम त्यांच्यात नीट काम करत नाही. त्यातून रक्तात डायमिथाइल सल्फाइडही साचतं आणि श्वासातून बाहेर पडतं. कितीही ब्रश करा, काय उपयोग?

दुसरा आजार याहून जुना माहितीतला, ट्रायमिथाइलअमिन्युरिया. त्यात एफएमओ३ जनुक. अंड्याचा बलक, समुद्री मासे, कलेजी, सोयाबीन असं खाल्लं की आतड्यातले जंतू ट्रायमिथाइलअमीन बनवतात. यकृताने ते निर्धोक करायचं, ते होत नाही, मग घाम, लघवी, श्वास सगळ्यालाच सडक्या माशाचा वास. लघवीच्या तपासणीत कळतं. बायकांना पाळीच्या सुमारास जास्त जाणवतो. इथे एक धोका: नेटवर वाचून मुलांची अंडी-मासे परस्पर बंद करू नका, वाढीला लागतात ती.

आता सांजवात यांचा प्रश्न. हे दोन्ही आजार व्हायला सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते. आईला आजार असेल तर मुलीला एक प्रत नक्की मिळते, पण दुसरी वडिलांकडून यायला हवी. वडील परक्या घरातले असतील तर शक्यता अगदी कमी.

सांजवात | मंगळवार, रात्री ११.४५

हे वाचून हात थंड पडले.

मी मामाची मुलगी आहे. म्हणजे नवरा माझा सख्खा आतेभाऊ. सासू माझी आत्या, आमच्याबरोबरच राहते.

पवनचक्की | बुधवार, पहाटे ३.१०

अरेरे, माझं 'परक्या घरातले' भलत्या जागी लागलं. शक्यता वाढते हे खरं, पण वाढूनही ती दुर्मिळच राहते. दंतकथांची चाचणी आधी करा. बाकी सगळं त्यानंतर. आणि आत्या घरातच आहेत म्हणता? मग घराण्याचा इतिहास विचारायला त्यांच्याहून योग्य माणूस कोण?

सांजवात | शनिवार, सकाळी ११.३०

केली चाचणी. नाक आत्याचं.

आत्या ७१ वर्षांची. वाण्याकडून हिंगाची डबी आली की झाकण उघडून, "हा मागच्या पावसाळ्यातला आहे, परत कर," म्हणणारी बाई. तिला विचारायचं मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं, की धीर नव्हता, कोण जाणे.

सकाळी सहाला, देवघरासमोरच्या स्टुलावर ती बसली, मी पुढ्यात पाटावर. नाक धरून हाऽ केलं. डोळे घट्ट मिटले होते. आत्या म्हणाली, "येतो." मग तोंड मिटून नाकाने. ती आणखी वाकली, तिच्या चष्म्याची काडी माझ्या गालाला लागली. "नाकातून नाही. काही नाही."

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाली, "तू दहावीत होतीस, सुट्टीत आमच्याकडे आलीस, तेव्हापासून. दादाला बोलले होते मी. तो म्हणाला, पोरीच्या जातीबद्दल असं बोलू नये. मग नाही बोलले."

दहावीपासून! मी तिच्यावर रागवावं की काय करावं ते कळेना. ती मात्र पुढे बोलतच होती. "अण्णांना पण यायचा. आमच्या लहानपणी आम्ही त्यांच्या डाव्या अंगाला झोपायचो नाही, ते त्या कुशीवर वळायचे. तोंडात कायम लवंग. पण कवळी लावली आणि गेला बघ वास. पंचेचाळिशीतच सगळे दात पडले होते त्यांचे, किडलेला एक नव्हता. हलून हलून पडले."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, तिचे वडील.

लेकीचं: नाकातून येतो, तोंडातूनही येतो. आत्या म्हणाली, "हिचा वेगळा आहे. हिचा शेंबडाचा आहे, तुझा तो नाही."

दंतकथा | शनिवार, दुपारी १२.१०

तुमच्या आत्याबाईंना माझ्या दवाखान्यात नोकरी देते.

थट्टा नाही. संशोधनातसुद्धा यंत्रांच्या जोडीला प्रशिक्षित माणसाचं नाकच प्रमाण धरतात, शून्य ते पाच गुण देतात. आणि त्यांनी जो इतिहास सांगितला तो लाख मोलाचा आहे. रक्तातून येणारा वास कवळी लावून गेला नसता. दात गेले आणि वास गेला, म्हणजे वास दातांच्या मुळांपाशी होता. कीड नाही आणि ऐन उमेदीत दात हलून पडले, म्हणजे हिरड्यांचा आणि त्याखालच्या हाडाचा आजार. त्याचा एक प्रकार वयात येतानाच सुरू होतो, पहिल्या दाढा आणि पुढचे दात धरतो आणि घराण्यात चालतो. फसवा असतो, कारण वरून दात स्वच्छ दिसतात. सफाई करणारा वरवर बघतो, "छान आहेत" म्हणतो आणि पाठवून देतो. सळई घातल्याशिवाय कळत नाही. दहावीपासून वास, तेही जुळतं.

हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जा. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. रांग लागते, पण शिकणारी पोरं असतात, ती प्रत्येक दाताचे सहा-सहा आकडे घेतात.

लेकीला आधी कान-नाक-घसावाल्यांकडे. घोरणं, भिजलेली उशी, बारमाही सर्दी म्हणजे अ‍ॅडेनॉइडची (नाकामागची गाठ वाढल्याची) शंका.

गप्प_गडी | शनिवार, रात्री १.२०

पहिल्यांदाच लिहितोय. वय २७, कोल्हापूर. माझ्याही तोंडाला येतो. पण माझ्या आईला येत नाही, भावाला येत नाही, दोन डॉक्टरांनी मास्क काढून बघितलं, त्यांनाही येत नाही. तरी येतो. मी बोललो की माणूस नाक चोळतो. नोकरी सोडली मार्चमध्ये. तालमीत जायचो ते बंद केलं. सगळे खोटं बोलतात असं वाटतं. सांजवाततैंचं वाचून वाटलं, बघा, त्यांनाही चौदा वर्षं कोणी खरं सांगितलं नाही.

दंतकथा | रविवार, सकाळी ८.३०

गप्प_गडी, नीट वाचा, मी तुम्हाला 'मनाचे खेळ' म्हणून कटवणार नाहीये. सळईची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. पण चार नाकांना येत नसेल आणि तरी खात्री वाटत असेल, तर तोही एक खरा आजार आहे, त्याला नाव आहे, औषध आणि समुपदेशन दोन्हींनी त्यात फरक पडतो. लोक नाक चोळतात हो, दिवसभर चोळतात, आपल्याला पाहून नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. थेट जायला अवघड वाटत असेल तर टेलि-मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मेतकूट | रविवार, सकाळी ९.१५

आणि नोकरी सोडलीत ते घरी माहीत आहे का? नसेल तर आईला सांगा आज. इथेही येत राहा.

गप्प_गडी | रविवार, रात्री १०.०५

आईला माहीत नव्हतं. सांगितलं. ती म्हणाली मला वाटलंच होतं. फोन उद्या करतो.

सांजवात | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ९.२०

उशीर झाला, माफ करा.

सळई फिरली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं म्हणे. माझ्या खालच्या दोन्ही पहिल्या दाढांपाशी ७ आणि ८ आले, वर एका ठिकाणी ९. ती मुलगी आकडे मोठ्याने सांगत होती आणि मी छताच्या पंख्याकडे बघत मनात बेरीज करत होते. एक्स-रे मध्ये दाढांभोवतीचं हाड आपसूक खाली बसलेलं दिसतं, वाळूचा किल्ला भरतीने पोखरावा तसं. वरची एक दाढ वाचणार नाही. बाकीच्यांची भूल देऊन, चार बैठकांत, हिरडीखालून सफाई. बरोबर आठवडाभर अँटिबायोटिक. दातांच्या फटींत घालायचे बारीक ब्रश मिळालेत, बाटली धुवायच्या ब्रशच्या पिल्लासारखे. पहिल्या दिवशी तो फिरवून मी हुंगला.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला माझा वास आला. बाथरूमच्या फरशीवर बसले होते बराच वेळ. लोकलमधल्या एकेक बायका आठवत होत्या.

लेकीच्या अ‍ॅडेनॉइडने नाकामागची जवळजवळ सगळी वाट अडवली आहे, एक्स-रे मध्ये मलाही दिसलं. तीन महिने नाकाचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. नाही भागलं तर ऑपरेशन. दोघींचं कारण वेगळं! घर एक, आडनाव एक, म्हणून मी एकच धरून बसले होते.

रानमेवा | गुरुवार, रात्री ९.५०

अभिनंदन. एरंडेल मागे घेतलं आहे.

दंतकथा | शुक्रवार, दुपारी २.००

लेकीच्या दातांचं विसरू नका. आता काही नसेल, पण वयात येईपर्यंत दरवर्षी तिची सळई आणि गरजेप्रमाणे एक्स-रे. तुमच्या भावंडांनाही सांगा. आणि तुमची तपासणी दर तीन महिन्यांनी, हे कायमचं आहे. सिगारेट-तंबाखू-मिशरी घरात कुणाला असेल तर त्यांना पहिल्यांदा आणा.

सांजवात | साडेतीन महिन्यांनी, रविवार, दुपारी ४.१५

हिशेब द्यायला आले.

आत्या दर शनिवारी गुण देते, शून्य ते पाच. ती पद्धत मी तिला सांगितली आणि ती आता कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. मी चारावर होते. तीन, तीन, दोन, मध्ये पुन्हा तीन (बारीक ब्रशचा कंटाळा केला होता, पकडलं), आता एक. "एक माणसाला असतोच," असं तिचं म्हणणं. दाढ काढली. एका जागी छोटी शस्त्रक्रिया झाली. सगळं मिळून एंडोस्कोपीपेक्षा कमी खर्च झाला.

लेकीचं घोरणं निम्म्याने कमी आहे, उशी कोरडी असते. सर्दी झाली की वास परत येतो, म्हणून ऑपरेशनचा निर्णय दिवाळीनंतर. शाळेत बाईंना जाऊन भेटले, हे डॉक्टरी कारण आहे म्हणून शांतपणे सांगितलं. बाकावर आता दुसरी मुलगी बसते. पहिली आली नाही परत. लेकीला त्याचं वाईट वाटतं, मी काही समजूत काढत नाही.

माझा हात अजून जातो तोंडावर. परवा मीटिंगमध्ये बोलता बोलता गेला. लेकीचा मात्र जात नाही.

नवखी_सून | सोमवार, रात्री ११.५९

पूर्ण धागा वाचला. लग्नाला सात महिने झालेत. नवऱ्याच्या तोंडाला येतो. खूप चांगला आहे तो. कसं सांगू? आणि कधी?

सांजवात | मंगळवार, सकाळी ६.४०

सकाळी नको, सकाळी सगळ्यांनाच येतो, तो मानणार नाही. भांडणात तर मुळीच नको. रविवारी दुपारी, चहाच्या आधी, दोघंच असताना. "येतो" एवढंच म्हणायचं, किती आणि कधीपासून ते त्याने विचारलं तरच. आणि त्याच वाक्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय हेही सांग, तू बरोबर येणार आहेस हेही.

जमलं नाहीच तर डोंबिवलीला घेऊन ये. आत्या शनिवारी सकाळी सहाला मोकळी असते.